मदत हवी आहे: दिल्लीहून ट्रकला परतीचं भाडं परवडेल असं कुठे मिळतं?

राम राम मंडळी. दहा चाकी गाडी घरची, चालवतोही मीच. सावदा-रावेरची केळी भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीत जातो. जायचं भाडं बरं बसतं, रड आहे ती परतीची. एजंट धुळे-जळगावचा जो भाव सांगतो तो डिझेल-टोलातच जिरतो. वर कमिशन, हमाली, आणि माल पोहोचल्याची पोहोच पावती दिल्याशिवाय भाड्याची बाकी सुटत नाही, ती वेगळीच. भाव वाढेल म्हणून थांबावं, तर बँकेचा हप्ता थोडाच थांबतो?

इंदूरपर्यंतचा माल घेऊन पुढे सेंधवा-शिरपूरमार्गे रिकामं यावं का? रिकाम्या किलोमीटरसकट हिशोब तुम्ही कसा धरता? मोबाइल ॲपवरच्या भाड्यात आगाऊ रक्कम खरंच मिळते का? जळगावच्या डाळमिल, पाइपवाल्यांकडून थेट माल कुणी उचलतं का? अनुभव असलेल्यांनीच सांगा.