मामांचा तोंडाचा कॅन्सर परत आलाय, कार-टी चालंल का?

रंकाळाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय सांभाळून घ्या. मामा 58 वर्षांचे, गाव कागलकडं, जन्मभर तंबाखू-चुना. दोन वर्षांमागं गालाचं ऑपरेशन झालं, लाईटी (रेडिएशन) पण घेतल्या, आता मानेत परत गाठ आलीय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन होणार नाही, इम्युनोथेरपी बघा. एस्टिमेट बघून मामी म्हणालीय ओढ्याकडचं रान विकायला काढूया. इकडं फॅमिली ग्रुपवर रोज फॉरवर्ड यायलेत, आयआयटी मुंबईनं कार-टी काढलीय, स्वस्त आहे, कॅन्सर मुळासकट जातोय म्हणून. खरं आहे का? मामांना गिळता येत नाही, नाकातल्या नळीतनं पांढरा रस्सा गाळून देतोय, तांबडा का नाही म्हणून खुणेनं भांडालेत.

लॅबवाला_राजारामपुरी:
फॉरवर्ड अर्धा खरा आहे भावा, आणि नेमका तुझ्या कामाचा नाही. कार-टी आयआयटी आणि टाटा मेमोरियलनं मिळून केली, 2023 ला मंजुरी पण मिळाली, पण ती ठराविक ब्लड कॅन्सरला. पेशंटच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, काढून त्यांना CD19 नावाची खूण ओळखायला शिकवतात आणि परत अंगात सोडतात. ती खूण असती रक्तातल्या बी-पेशींवर, गालाच्या गाठीवर नसतीच, मग त्या शोधणार काय? डॉक्टर म्हणालेत ती इम्युनोथेरपी वेगळी. गाठ टी-पेशींचा ब्रेक दाबून धरती, औषध तो ब्रेक सोडवतं. 2018 चं नोबेल याच कामाला. बायोप्सीवर PD-L1 ची तपासणी, म्हणजे गाठीवर हा ब्रेक दाबणारी खूण किती आहे ते, केलीय का तेवढं विचार.

मळ्यातला:
रान काढायच्या आधी हे वाचा. आमच्या वडलांना पण हेच सांगितलं होतं, आकडा ऐकून आई खुर्चीतच बसली. मग परळला टाटाला गेलो, तिथं कमी डोसचं कळलं. निवोलुमॅब, म्हणजे हेच ब्रेक सोडवणारं इंजेक्शन, नेहमी 240 एमजी दोन आठवड्यांनी देतात, टाटानं 20 एमजी तीन आठवड्यांनी देऊन बघितलं, सोबत रोजच्या गोळ्या. 151 पेशंटची ट्रायल, अशाच परत आलेल्या किंवा ऑपरेशन न होणाऱ्या डोक्या-मानेच्या कॅन्सरची. नुसत्या गोळ्यांवर वर्षानं 16.3 टक्के जिवंत होते, इंजेक्शन जोडल्यावर 43.4. बरे झाले असं नव्हे हं, जिवंत. 40 एमजीची बाटली फोडली की दोघांना होती, त्यामुळं आमच्या दादांचा म्हणजे वडलांचा आणि साताऱ्याच्या एका काकांचा वार एकच ठरवलेला. ते काका उशिरा आले की दादा दारात बघत बसायचे, माझा पार्टनर आला का म्हणून.

निसर्गप्रेमी:
केमिकलच्या नादाला लागू नका. गोमूत्र अर्क सुरू करा, आमच्या ओळखीत तीन जण खडखडीत बरे झालेत.

नाईट_ड्युटी_सिस्टर:
त्या तिघांचे बायोप्सी रिपोर्ट टाका की इथं.
@रंकाळाकाठ दादा, इम्युनोथेरपी सुरू झाली आणि जुलाब लागले किंवा कोरडा खोकला, दम सुरू झाला तर ताक-भात, मेडिकलची गोळी करत घरी बसू नका, लगेच फोन करा. सुटलेली पेशी कधी आपल्याच आतड्यावर, फुफ्फुसावर धावती. थायरॉईडची तपासणी पण मधनंमधनं असती. आणि रस्सा दोनदा गाळा, तूप कमी, नंतर पाणी सोडून नळी धुवा, नाहीतर चोंदती आणि परत घालताना हाल होतात.

रंकाळाकाठ:
लई आभार सगळ्यांचे. PD-L1 केलेली दिसत नाही. रविवारी रात्रीच्या महालक्ष्मीनं निघतोय. जुन्या हॉस्पिटलातनं फाईल घेतली, ते विचारालेत स्लाइड पाहिजे का ब्लॉक, काय घेऊ?

लॅबवाला_राजारामपुरी:
दोन्ही घे. ब्लॉक म्हणजे मेणाचा बारका ठोकळा असतो, गाठीचा तुकडा त्यातच असतोय, PD-L1 त्यावरनंच करतील. नंबर रिपोर्टशी जुळतोय का तिथंच उभा राहून बघ, आणि गाडीत बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेव, उन्हात नको.

मळ्यातला:
दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका.