आपला बोलला की ओघात, त्यांचा बोलला की माज

ग्रुप: ए आणि बी विंग, मुलुंड पूर्व (फक्त सोसायटीचे विषय 🙏)
बुधवार, २३ जुलै २०२५

(अ‍ॅडमिनने सावंत बी-३०४ यांचा मेसेज डिलीट केला.)

सावंत बी-३०४:
पाटकर, माझी क्लिप का उडवली? कृषिमंत्री कोकाटे स्वतःच्याच सरकारला भिकारी म्हणतात ही बातमी आहे. कालपासून सगळ्या चॅनलवर चालू आहे. मी घरात बसून बनवलेली नाही.

पाटकर (सेक्रेटरी):
सावंतसाहेब, राजकीय पोस्ट नको असं ठरलंय. नियम सर्वांना समान 🙏

सावंत बी-३०४:
समान? सोमवारी कुलकर्णी काकांनी राहुल गांधींचा बटाटा टाकला तो अजून वर आहे. त्यावर तुमचाच हसरा चेहरा आहे.

पाटकर (सेक्रेटरी):
तो विनोद होता.

तेजस ए-१०४:
बटाटा विनोद, भिकारी राजकारण. नोंद घेतली 😂

नाईक काकू ए-३०३:
उद्या टाकी धुणार आहेत ना? पाणी किती वाजता बंद?

पाटकर (सेक्रेटरी):
काकू, १० ते ४. खाली बोर्डावर लावलंय.

कुलकर्णी ए-२०१:
सावंत, चिडू नका. कोकाटे चुकले, मी पण म्हणतो. पण एक साधा प्रश्न. २०१३ साली धरणाबद्दल जे बोललं गेलं, तेव्हा तुम्ही सगळे गप्प का होतात?

तेजस ए-१०४:
काका, २०१३ ला हा ग्रुप नव्हता. मी सातवीत होतो.

कुलकर्णी ए-२०१:
ग्रुप नसेल. माणसं होती ना?

देशमुख सर बी-६०२:
कुलकर्णी, गप्प कोणी नव्हतं. मी सोलापूरकडचा आहे, मला नीट आठवतं. एप्रिल महिना, दुष्काळ, आमच्या भागातला एक शेतकरी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेला. आणि इकडे इंदापूर तालुक्यातल्या सभेत अजितदादा बोलले, धरणात पाणीच नाही तर काय मुतायचं का. विरोधकांनी अधिवेशन चालू दिलं नाही. दादांनी माफी मागितली, कराडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर बसले. राजीनामा झाला नाही, हे मात्र खरं.

कुलकर्णी ए-२०१:
तेच म्हणतोय मी. समाधीपाशी बसलं की झालं का? राजीनामा का घेतला नाही?

सावंत बी-३०४:
काका, ते गृहस्थ आज कोणाच्या सरकारात उपमुख्यमंत्री आहेत? आणि कोकाटे कोणाच्या मंत्रिमंडळात आहेत?

कुलकर्णी ए-२०१:
कोकाटे आमच्या पक्षाचे नाहीत. मित्रपक्षाचे आहेत.

तेजस ए-१०४:
मित्रपक्षाच्या चुकीवर जीएसटी अर्धा लागतो.

सावंत बी-३०४:
😂😂 लागू द्या. या माणसाने फेब्रुवारीत पीकविम्याच्या एक रुपयावरून भिकारी काढला. एप्रिलमध्ये शेतकऱ्यांना विचारलं, कर्जमाफीच्या पैशात साखरपुडे करता का. आता भिकारी सरकार झालं. मध्ये परतूरचे भाजप आमदार लोणीकर म्हणाले, तुमच्या अंगावरचे कपडे, पायातले बूट आमच्यामुळे. त्यावर माफी मागा म्हणणारे काँग्रेसचे पटोले विधानसभा अध्यक्षांच्या आसनापर्यंत गेले तर दिवसभरासाठी निलंबित तेच. बोलणाऱ्याला काही नाही.

कुलकर्णी ए-२०१:
आसनापर्यंत चढून जायचं नसतं. आणि सावंत, आता माझं ऐका. २०१९ च्या डिसेंबरपासून अडीच वर्षं हेच दादा कोणाच्या मुख्यमंत्र्यांचे उपमुख्यमंत्री होते? तेव्हा तुम्हाला धरण आठवलं नाही?

सावंत बी-३०४:
ती परिस्थिती वेगळी होती.

तेजस ए-१०४:
चला, दोन्ही बाजूंचं धरण भरलं.

नाईक काकू ए-३०३:
धरणाचं राहू द्या, आज संध्याकाळी सातलाच नळ बारीक झालाय. वरच्या मजल्यावर कोणी मोटर लावलीय का?

मृण्मयी ए-५०२:
काकू, आम्ही नाही लावली. आणि मला खरंच गंमत वाटतेय. २०१३ ला भाजपने धरणावरून सभागृह डोक्यावर घेतलं. २०१९ ला सेनेने पोटात घातलं. २०२३ ला पुन्हा भाजपने. माणूस तोच, वाक्य तेच. फक्त ते कोणाला खुपतंय ते बदलत राहिलं.

कुलकर्णी ए-२०१:
बेटा, राजकारणात तडजोड करावी लागते. माझा मुद्दा एवढाच आहे की २०१३ ला सगळे गप्प का होते?

तेजस ए-१०४:
काकाऽऽऽ

देशमुख सर बी-६०२:
सांगितलं ना गप्प नव्हते म्हणून!

पाटकर (सेक्रेटरी):
कृपया विषय थांबवा. टाकी सफाई उद्या १० ते ४. पाणी भरून ठेवावे.

सावंत बी-३०४:
थांबवतो. पण पाटकर, बटाटा काढा.

कुलकर्णी ए-२०१:
बटाट्याचं एवढं काय लागलंय? माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणतोय की इकडून बटाटा टाकला की तिकडून सोनं निघेल. सगळ्यांनी बघितलंय.

मृण्मयी ए-५०२:
काका, ते २०१७ चं पाटणचं भाषण आहे, गुजरातचं. तुमच्या क्लिपच्या पुढच्याच वाक्यात ते म्हणतात की हे माझे शब्द नाहीत, मोदींचे आहेत. तेवढं कापून आठ वर्षं फिरतंय.

कुलकर्णी ए-२०१:
आणि मोदी असं कुठे म्हणाले ते दाखव.

मृण्मयी ए-५०२:
ते त्यांना विचारा. त्यांनी मोदींच्या तोंडी घातलं याचा राग धरा, माझी हरकत नाही. पण त्यांना बटाट्यातून सोनं निघतं असं वाटतं हे त्या भाषणात नाहीये.

सावंत बी-३०४:
शाब्बास मृण्मयी!

मृण्मयी ए-५०२:
सावंतकाका, थांबा. निर्मला सीतारामन यांची कांद्याची क्लिप २०१९ ला तुम्ही टाकली होतीत. मी इतका कांदा-लसूण खात नाही वाली. लोकसभेत मध्येच कोणीतरी खासदाराने विचारलं, तुम्ही कांदा खाता का, त्याला ते उत्तर होतं. तुमच्या क्लिपमध्ये प्रश्न नव्हता.

सावंत बी-३०४:
कांदा शंभराच्या वर गेला होता तेव्हा! अर्थमंत्र्यांनी असं उत्तर द्यावं का?

मृण्मयी ए-५०२:
देऊ नये. पण प्रश्न कापायचा कशाला? कापला नसता तरी उत्तर वाईटच वाटलं असतं.

नाईक काकू ए-३०३:
त्या वर्षी मी महिनाभर कोबीची भजी केली. आणि २०१३ ला तो राज बब्बर मुंबईत बारा रुपयात पोटभर जेवण मिळतं म्हणाला होता. त्याला कोणी घरी जेवायला बोलावला नाही.

कुलकर्णी ए-२०१:
बघा! काँग्रेस! त्यावर गप्प!

देशमुख सर बी-६०२:
त्यावर अख्खा देश हसला, कुलकर्णी. त्यांनी खेद व्यक्त केला. तुम्हाला सगळे कायम गप्पच कसे दिसतात?

शाह बी-१०१:
माफ करजो, मध्ये बोलतो. गच्चीवर आज कोणाची पार्टी आहे? खाली कोळशाचा वास येतोय.

तेजस ए-१०४:
शाहभाई, उद्या अमावस्या गुरुवारी आलीय ना, म्हणून गटारी आज. नऊ वाजता आवरतो. बाटल्या कचऱ्यात टाकणार नाही, मागच्या वेळसारखं.

कुलकर्णी ए-२०१:
मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतात.

सावंत बी-३०४:
मुलांना जगू द्या हो. शाहभाई, तुम्ही घाबरू नका. तुम्ही गुजराती गेलात तर मुंबईत पैसाच उरणार नाही, तेव्हाच्या राज्यपाल कोश्यारींनी सांगितलंय 😂

शाह बी-१०१:
सावंतभाई, तीन वर्षं झाली, प्रत्येक दिवाळीला तुम्ही हेच बोलता. मी मुलुंडचा जन्मलेलो. कोश्यारींनी मला विचारून नाही बोलले. तेव्हा पण मी बोललो की चुकीचं आहे.

सावंत बी-३०४:
मस्करी केली शाहभाई, मनावर घेऊ नका.

शाह बी-१०१:
ठीक छे. पण मेंटेनन्स थकबाकीची यादी लागली आहे, त्यात माझं नाव नाही. बघून घ्या कोणाचं आहे.

तेजस ए-१०४:
🫢

कुलकर्णी ए-२०१:
कोश्यारींचा भावार्थ वेगळा होता. प्रत्येक समाजाचं योगदान आहे एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

देशमुख सर बी-६०२:
भावार्थ! मग त्यांनी माफी कशाची मागितली? आणि नोव्हेंबरमध्ये संभाजीनगरच्या पदवीदान समारंभात शिवाजी महाराजांना जुन्या काळाचे आदर्श म्हणाले, त्याचा भावार्थ काय? हेच दुसऱ्या पक्षाच्या माणसाने म्हटलं असतं तर तुम्ही गेटवर धरणं धरून बसला असतात.

कुलकर्णी ए-२०१:
सर, मी त्याचंही समर्थन केलेलं नाही.

देशमुख सर बी-६०२:
केलं नाहीत. आज इथे ज्याला गप्प बसणं म्हणताय, ते केलंत.

सावंत बी-३०४:
सर 🔥🔥

कुलकर्णी ए-२०१:
सावंत, टाळ्या नका वाजवू. राणेंना ऑगस्ट २०२१ मध्ये संगमेश्वरला जेवत्या ताटावरून अटक झाली तेव्हा तुम्ही इथे पेढ्याचा फोटो टाकला होता. उद्धवजींच्या कानाखाली मारली असती म्हणाले म्हणून. बरोबर? मग २०१८ ला योगींना त्यांच्याच चपलेने मारावं असं कोण म्हणालं होतं? तेव्हा पेढे कुठे होते?

सावंत बी-३०४:
योगी पायात चप्पल घालून शिवाजी महाराजांच्या प्रतिमेला हार घालत होते! ती संतापाची भाषा होती. ठाकरी भाषा. त्यात फरक आहे.

कुलकर्णी ए-२०१:
आणि राणे? मुख्यमंत्री स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात साल मागे वळून विचारतात, ती पण संतापाचीच भाषा होती.

तेजस ए-१०४:
राणे मूळचे सेनेचेच ना? मग ती पण ठाकरी भाषाच. राणेंच्या वाक्याला टाळी द्यायची की शिवी, हे आधी साल बघून ठरवावं लागतं. ९९ ला मुख्यमंत्री सेनेचे, नंतर काँग्रेस, आता भाजप.

नाईक काकू ए-३०३:
नळ पूर्ण गेला. पाटकर, सफाई उद्या आहे ना? आज कोणी व्हॉल्व्ह बंद केला?

पाटकर (सेक्रेटरी):
वॉचमनला पाठवतो काकू.

देशमुख सर बी-६०२:
एक सांगतो आणि झोपतो. २६/११ नंतर तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबा मोठ्या शहरातल्या छोट्या घटनांचं जे बोलले, ते हिंदीत बोलायला गेले आणि अडकले असं मी तेव्हा म्हणत होतो. आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा माणूस, साधा माणूस, म्हणून. १ डिसेंबरला राजीनामा दिला. त्याच सुमारास भाजपचे नक्वी मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आलेल्या बायकांच्या लिपस्टिक-पावडरवर बोलले, त्यांच्या पक्षाने हात झटकले आणि पुढे ते केंद्रात मंत्री झाले. आबाही २००९ ला पुन्हा गृहमंत्री झालेच. आपण इथे मारामारी करतो, त्यांचं वर्षभरात सगळं जागेवर येतं.

कुलकर्णी ए-२०१:
सर, नक्वींचं ते वैयक्तिक मत होतं. पण २०१३ ला

गायकवाड बी-४०३:
नमस्कार. मी सहसा इथे लिहीत नाही, भाडेकरू आहे. पण आज सगळे बोलण्याच्या जबाबदारीवर बोलताय म्हणून विचारतो. मागच्या महिन्यात लिफ्टच्या मीटिंगमध्ये सावंतसाहेब म्हणाले की भाडेकरू धर्मशाळेतले, त्यांना लिफ्टबद्दल काय विचारायचं. माझी आई गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून चार मजले चढते. त्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही.

सावंत बी-३०४:
गायकवाड, ते ओघात बोललो. तुमच्याबद्दल नव्हतंच. जे बिन पोलीस व्हेरिफिकेशनचे राहतात त्यांच्याबद्दल होतं. मागचा-पुढचा संदर्भ बघा.

मृण्मयी ए-५०२:
संदर्भ 🙂

कुलकर्णी ए-२०१:
वा वा वा! शेतकऱ्यांचा एवढा कळवळा आणि शेजारच्या माणसाला धर्मशाळा? याला माज म्हणतात सावंत. जाहीर माफी मागा.

सावंत बी-३०४:
काका, तुम्ही नका शिकवू. दोन वर्षांपूर्वी एकटी राहणाऱ्या मुलींबद्दल तुम्ही एजीएममध्ये काय म्हणालात ते मिनिट्समध्ये नाही म्हणून वाचलात.

कुलकर्णी ए-२०१:
ते मी काळजीपोटी बोललो होतो. विपर्यास करू नका.

पाटकर (सेक्रेटरी):
दोघांनी उद्या ऑफिसमध्ये बसून बोला. ग्रुपवर नको 🙏🙏

गायकवाड बी-४०३:
कुलकर्णी काका, राग नका मानू. धर्मशाळेच्या वाक्यावर पहिली टाळी तुमची होती. पाटकरसाहेबही हसत होते. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे.

कुलकर्णी ए-२०१:
असं होऊच शकत नाही. अर्धवट क्लिप काढून कोणावर आरोप करणं सोपं असतं. पूर्ण व्हिडिओ टाका. मी नेहमी सांगतो, पूर्ण व्हिडिओ बघितल्याशिवाय बोलू नये.

गायकवाड बी-४०३:
(व्हिडिओ, ११ मिनिटे ३८ सेकंद)

तेजस ए-१०४:
गच्चीवरचे सगळे बघतायत काका, एक मिनिट.

कुलकर्णी ए-२०१:
अकरा मिनिटं कोण बघत बसणार? टाळी कितव्या मिनिटाला आहे तेवढं सांगा.