‘बागवाल्यां’च्या दृष्टान्तात मधल्याचा दोष कोणता?

प्रश्न (निपाणी):
कुरआनच्या ६८ व्या सूरहमध्ये (अध्यायात), अल-कलममध्ये, आयत (वचन) १७ ते ३३ यांत बागेच्या मालकांचा दृष्टान्त आहे. गोरगरीब वाटा मागायला येण्याआधीच, भल्या सकाळी फळे तोडून न्यायची, अशी शपथ ते घेतात. पण ते झोपेत असतानाच बागेवर आपत्ती येते. माझ्या मराठी भाषांतरात १८ व्या आयतीत ‘त्यांनी इन्शाअल्लाह (अल्लाहची इच्छा असेल तर) म्हटले नाही’ असे आहे. एवढ्यासाठी सगळी बाग जावी? आणि त्यांच्यातला ‘मधला’ तर २८ व्या आयतीत ‘मी तुम्हाला सांगितले नव्हते का?’ असे विचारतो. मग त्याचे नुकसान का व्हावे?

उत्तर (चिकोडी):
मूळ शब्द ‘ला यस्तस्नून’ असे आहेत, म्हणजे ‘ते अपवाद ठेवीत नव्हते’. भाष्यकारांनी याचे दोन अर्थ केले आहेत: अल्लाहच्या इच्छेचा अपवाद ठेवला नाही, किंवा गरिबांचा वाटा वगळून ठेवला नाही. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण त्याआधी १२ व्या आयतीत ‘भल्या कामाला आडकाठी करणारा’ माणूस आला आहे आणि २४ व्या आयतीत ‘आज एकही गरीब आत येता कामा नये’ अशी कुजबुज आहे. तथापि मधला ईश्वराच्या स्तवनाचीच आठवण करून देतो, म्हणून पहिला अर्थही सोडवत नाही. ‘मधला’ म्हणजे वयाने मधला नव्हे. बहुतेक भाष्यकार ‘सर्वांत समंजस’ असा अर्थ घेतात. (दानशूर बाप आणि येमेनमधल्या सना शहराजवळची बाग हा तपशील भाष्यांतला आहे, आयतींत बापाचा उल्लेखच नाही.)

उत्तर (खानापूर):
आमच्या सासूबाई भुईमूग उपटून झाला की रान दोन दिवस तसेच सोडीत, आणि वस्तीवरच्या बायका खुरपी घेऊन सरवा वेचायला येत, मातीसकट शेंगा ओटीत भरून नेत. सासूबाई वारल्यानंतरच्या सुगीत दिरांनी उपटणी झाली त्याच रात्री ट्रॅक्टर घातला. सकाळी बायका रिकाम्या टोपल्या घेऊन बांधावर उभ्या होत्या. ‘नको’ असे मीही म्हटले होते, पण डिझेलचे पैसे माझ्याच हातून मोजले गेले होते. त्यामुळे मधल्याविषयी मला फारशी कणव येत नाही.

उत्तर (चिकोडी):
ताई, आपण नेमके तेच पकडले आहे. तोही त्यांच्याबरोबर चालत गेला, आणि ३१ व्या आयतीतल्या ‘आपण मर्यादा ओलांडली’ या कबुलीत त्याला वेगळे काढलेले नाही. सरवा आणि उश्र (पिकावरची बंधनकारक जकात) मात्र एक नव्हेत: उश्र पावसाच्या पिकावर दहावा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकावर विसावा भाग असतो, तर सरवा मालकाच्या मनाचा.

प्रश्नकर्ता (निपाणी):
आभारी आहे. ३२ व्या आयतीत ते याहून चांगल्या बागेची आशा धरतात. ती त्यांना मिळाली का?

उत्तर (चिकोडी):
आयतींत ते सांगितलेले नाही. ३३ वी आयत थेट शिक्षेकडे वळते.