अनुभव धागा: आपली पियानोची रचना दुसऱ्याला ऐकवली तेव्हा

सोलापुरात पेटी कुठल्याही गल्लीत सापडेल, पियानो क्वचित. तरी इथं स्वतःच्या रचना करणारे आहेत, बहुतेक डिजिटल पियानोवर, हेडफोन घालून. शब्द नाहीत, तबला नाही, नुसता पियानो. अशी रचना कुणाला ऐकवलीत? ऐकणाऱ्यानं काय सांगितलं आणि त्यानंतर रचनेत नेमकं काय बदललं, ते लिहा. "छान आहे" यावर पुढं काही करता येत नाही, म्हणून विचारतोय.

नवी पेठ, पेटी शिकवते
मी ऐकणाऱ्याच्या बाजूनं लिहिते. कॉलेजातली एक मुलगी भीमपलास रागातली रचना घेऊन आली. भीमपलासाच्या आरोहात, म्हणजे चढताना, रे आणि ध वर्ज्य, घ्यायचे नाहीत. तिची सुरावट नि-सा-ग-म अशी चढायची आणि खाली डाव्या हातात म-ध-साचा कॉर्ड (तिन्ही स्वर एकदम), म्हणजे ध सारखा डोकावायचा. रचना तिची, राग किती पाळायचा तेही तिनंच ठरवायचं. मी एवढंच विचारलं, "हा ध तुला तिथं हवाय का गं?" तिनं चढताना नुसते सा-म ठेवले आणि तो कॉर्ड उतरतानाच्या धसाठी राखून ठेवला. आता तो आला की कान टवकारतात! मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पियानोवर निघत नाही, पण तिनं कोमल 'ग'ला 'म'चा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, दिला आणि तेवढ्यानं भागलं.

पूर्व भाग
आमच्याकडं दिवसभर पॉवरलूमचा आवाज. त्याच ठेक्यावर डावा हात बांधला: खर्जातले सा आणि प, एकाआड एक, शेवटपर्यंत. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर एवढं खाली जाता येत नव्हतं, ८८ पट्ट्यांचा घेतला तेव्हा जमलं. उजव्या हातात संथ सुरावट. वाजवणाऱ्या मित्रांना पाठवली, सगळ्यांचे अंगठे आले. मग शेजारच्या मामांना घरी बोलावून वाजवून दाखवली. त्यांचं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात गेलं. म्हणाले, "माग चालू आहे, कळलं बघ. पण तुझा धागा तुटतच नाही की रे. आमचा तुटायचा. माग बंद, गाठ मारायची, मग परत सुरू."

मामांना कॉर्ड माहीत नाही, स्केल माहीत नाही. त्याच रात्री मधे डावा हात पूर्ण थांबवला. उजव्या हाताचा एकच स्वर पेडलवर (पायानं दाबलं की स्वर लांबतो) विरेपर्यंत धरला. डावा परत आणताना आधी एकटा सा, जरा वेळानं प. अख्ख्या रचनेत आता मला तीच जागा सगळ्यात आवडते. माझं म्हणणं, वाजवणाऱ्यांना ऐकवाच, पण ज्या गोष्टीवर रचना केली ती जगलेल्या माणसाला आधी ऐकवा.

विजापूर रोड
रेकॉर्डिंगचं सांगतो. फोन बऱ्याचदा आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. हळू वाजवलेलं आणि जोरात वाजवलेलं एकाच उंचीला येतं, आणि ऐकणारा म्हणतो चढउतार नाहीत. डिजिटल पियानोतून ऑडिओ इंटरफेसमार्गे (वाद्य लॅपटॉपला जोडणारी डबी) थेट लॅपटॉपवर घ्या. एप्रिलात पंखा बंद करून बसायला नको. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सात रस्ता
आमच्याकडं आजोबांच्या वेळचा उभा पियानो आहे. उन्हाळ्यात लाकूड आटतं, सूर उतरतो. पावसाळ्यात ओल धरून फुगतं, सूर चढतो. मला सगळ्यात उपयोगी पडली ती मावशीची सूचना. त्या चर्चमध्ये वाजवायच्या. माझी रचना ऐकून म्हणाल्या, "पेडल दर कॉर्डला बदल. नवा कॉर्ड वाजला की त्याच क्षणी उचलायचं, लगेच दाबायचं." गढूळ वाटणारं शेवटचं पान स्वच्छ झालं, स्वर एकही बदलला नाही.

पूर्व भागवाले, तुमचा तो थांबलेला स्वर खऱ्या तारेवर ऐकायचाय. पावसाळा संपला की ट्यूनरला बोलावणार आहे. नंतर या, आणि मामांनाही आणा.