ते बीटल्स नव्हते, काका

दादा टोरांटो: काका, हा मेसेज गणपतीतही आला होता. "बीटल्सनी नाव बदलून क्लाटू म्हणून रेकॉर्ड काढली." साफ चूक. क्लाटू म्हणजे इथले, टोरांटोचे तिघं. जॉन वोलोशक, डी लाँग, टेरी ड्रेपर. कृपया पुढे पाठवू नका.

थोरले काका: बाळा, आवाज ऐक. मॅकार्टनीच आहे. नाहीतर नावं का लपवली?

दादा टोरांटो: लोकांनी चेहरे न बघता गाणी ऐकावीत म्हणून! १९७६ चा पहिला अल्बम, वर ना कलाकारांची नावं ना फोटो. अमेरिकेत रेकॉर्ड कंपनी कॅपिटल, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारीच. फेब्रुवारी १९७७ मध्ये तिथल्याच प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका पेपरात शंका छापून आली, झालं.

नागपूर आत्या: मुंजीला किती जण ते कळवा. पानं सांगायची आहेत.

मामा: बीटल्स धरून की सोडून? 😄

नागपूर आत्या: चेष्टा नको. मागच्या वेळी न सांगता कोण आलं ते सगळ्यांना माहीत आहे.

धाकटी वहिनी: आम्ही कळवलं होतं आत्या. तुम्ही वाचलं नसेल. असो.

ताई: परग्रहावरच्यांना हाक मारायचं ते कारपेंटर्स या गायक जोडीचं गाणं मुळात क्लाटूचंच ना? बाबांच्या कॅसेटवर होतं.

दादा टोरांटो: हो गं, मूळ यांचं! सात मिनिटांचं. मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड, धुक्यासारखा पसरतो आणि त्यावर आवाजांचे थर चढत जातात. १९७७ चा 'होप' अल्बम तर त्याहून भारी. ग्रह नष्ट झालाय, एकटा दीपगृहवाला उरलाय आणि साथीला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. पण तोवर लोक रुसले, बीटल्स नाहीत म्हणून. यात त्या पोरांचा काय दोष? १९८२ मध्ये बँड मोडला. मला अजून वाईट वाटतं.

थोरले काका: *फॉरवर्ड केलेला मेसेज:* बीटल्सनी नाव बदलून…

दादा टोरांटो: काका!! वॉशिंग्टनच्या एका रेडिओवाल्याने कॉपीराइट ऑफिसातून तेव्हाच नावं शोधून काढली होती. आता एकच करा. 'सब-रोझा सबवे' ऐका. १८७० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेखाली हवेच्या दाबावर गाडी चालवणाऱ्या आल्फ्रेड बीचवर आहे. शेवटी मोर्स वाजतं. तुमची ३१ वर्षं तार ऑफिसात गेली, तुम्हीच सांगा काय म्हणतंय.

नागपूर आत्या: किती जण???

धाकटी वहिनी: आम्ही चार. परत कळवतेय.

थोरले काका (रात्री ११:४०): चार वेळा ऐकलं. वाद्यांत अक्षरं निसटतात, पण कडकट्ट ओळखीचं आहे. एफ, आर, ओ, एम. मग ए, एल, एफ, आर, ई, डी. फ्रॉम आल्फ्रेड. तुझा गाडीवालाच. पुढचं सकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसतो.

दादा टोरांटो: 🙏🙏 काका!

थोरले काका: तो मेसेज सगळ्यांच्या फोनवरून कसा काढायचा? माझ्याकडून निघत नाहीये.

नागपूर आत्या: तुमचे किती ते आधी सांगा, मग काढा.