मदत हवी आहे : साठ मुलं, दोन तास आणि दहा जणांपुरती प्रयोगशाळा

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एका संशोधन प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रात पीएचडी करते. विषय थिन फिल्म्स, म्हणजे काचेवर धातूचा अतिशय पातळ थर बसवणे. गेल्या वर्षापासून ‘शाळांच्या भेटी’ हे खातं माझ्या गळ्यात पडलंय. गळ्यात पडलंय म्हटलं तरी मला ते आवडतं, म्हणूनच हा धागा.

२८ फेब्रुवारीच्या, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, आसपास सगळ्याच शाळांना यायचं असतं. यंदा राधानगरीकडच्या एका शाळेची सातवी-आठवीची चौसष्ट मुलं आली. एसटीचा प्रासंगिक करार करून, पहाटे उठून, डबे घेऊन. आमच्या खोलीत यंत्रं सोडून दहा माणसं कशीबशी उभी राहतात. बाकीची पन्नासेक मुलं व्हरांड्यात. मी चाळीस मिनिटं व्हॅक्यूम चेंबर (पंपानं हवा काढून टाकलेली बंद पेटी, थर त्यातच बसवतात), रोटरी पंप, डिफ्युजन पंप असं सगळं मन लावून सांगितलं. मुलं शिस्तीत ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती.

शेवटी एका मुलीनं चेंबरच्या काचेतून आत डोकावून विचारलं, “मॅडम, ह्यात काय हाय?”

मी म्हटलं, “काहीच नाही. हवासुद्धा काढून टाकलीय.”

“मग काहीच न्हाई तर एवढी मशीन कशाला?”

बरोबरच्या गुरुजींनी तिला गप्प केलं आणि फोटोसाठी रांग लावली. मला तेव्हा तिच्या भाषेत उत्तर देता आलं नाही. गाडी गेली आणि मग मला सुचायला लागलं. त्या दोन तासांतला तो एकच खरा प्रश्न होता.

आता अडचण सांगते. आमच्या सरांचं मत आहे की द्रव नायट्रोजन दाखवावा, गुलाबाचं फूल त्यात बुडवून, गोठवून फोडावं, मुलं खूश. खूश होतात हे खरं आहे. पण नंतर विचारलं की काय पाहिलं, तर “धूर” म्हणतात. आणि तो धूर नायट्रोजनचा नसतोच, तो हवेतल्या बाष्पाचा असतो, हेही कुणाला कळलेलं नसतं. मला त्यांनी धुरापेक्षा ‘काहीच नाही’ घेऊन घरी जायला हवंय.

साठ मुलांची विभागणी कशी करता? व्हरांड्यातल्या पन्नास जणांच्या हाताला काय काम द्यायचं? पैसे जवळजवळ नाहीत. मदतीला आम्ही चार विद्यार्थी. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची पुस्तकं आणि अरविंद गुप्तांची खेळणी माहीत आहेत, पण मला निर्वाताशी, म्हणजे ह्या हवा काढलेल्या पोकळीशी, जोडलेलं काहीतरी हवंय. नाहीतर मुलं प्रयोगशाळेत आली काय आणि शाळेत थांबली काय, सारखंच.

प्रतिसाद

ताई, मी निवृत्त विज्ञान शिक्षक, करवीर तालुक्यातला. तुमच्या मुलांनी निर्वात पाहिलेला नाही असं समजू नका, त्यांच्या गावच्या उसाला त्यातूनच जावं लागतं. गुऱ्हाळावर उघड्या काहिलीत रस आटवतात तेव्हा गूळ उतरवेपर्यंत तापमान ११५ अंशांच्या पुढं जातं. गुळव्याचं लक्ष हटलं की गूळ करपला. साखर कारखान्यात हाच रस बंद पॅनमध्ये, पंपानं हवा ओढून, ६०-७० अंशांच्या आसपास उकळतात. दाब कमी म्हणून उकळायला उष्णता कमी, म्हणून साखर करपत नाही. तिथं त्याचं नावच व्हॅक्यूम पॅन आहे. निम्म्या पोरांचे वडील-चुलते कारखान्यात असतील, पण त्यांना हे कुणी विचारत नाही.

व्हरांड्यात सिरिंज द्या, सुई नसलेली. साठ अंशांचं गरम पाणी पाव भागापर्यंत ओढायचं, आतली हवा घालवायची, तोंड टोपणानं बंद करायचं (बोटानं नको, भाजेल) आणि दट्ट्या ओढायचा. पाणी हातात उकळतं! पन्नास मिलीची मोठी सिरिंज आणू नका. ती ओढायला जवळजवळ पाच किलोचं वजन उचलण्याइतका जोर लागतो, पोरं दमतात. वीसची पुरे.

प्रतिसाद

नायट्रोजनबद्दल एक सांगतो, माझं काम त्यातच आहे. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो. तुमची खोली दहा माणसांची. त्याला वास नाही, ऑक्सिजन कमी झाला तरी माणसाला कळत नाही, आधी भोवळ येते. दाखवायचाच असेल तर अंगणात, मुलं दोन मीटर लांब, गॉगल तुम्हाला. आणि थर्मासचं झाकण घट्ट लावू नका. सरांना हे ऐकवा.

प्रतिसाद

जी शाळा येऊ शकत नाही तिचं काय? शून्य सावलीचा दिवस (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो) चांगला म्हणतात, पण कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो तेव्हा सुट्टी, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतो तेव्हा सूर्य कुठे दिसतो आपल्याकडे? त्यापेक्षा किरणोत्सव घ्या, मावळतीची किरणं देवळात थेट मूर्तीपर्यंत पोचतात तो. अंबाबाईचा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दोन्हींच्या मधल्या दिवसापासून २१-२२ डिसेंबरपर्यंतचं, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसापर्यंतचं, अंतर मोजा, साधारण ४१ दिवसच येतात. शाळेच्या मैदानावर काठी रोवून सूर्य कुठं मावळतो ते आठवड्याला एकदा मुलांनी आखायचं. खर्च शून्य.

धागाकर्तीचा प्रतिसाद

गुरुजी, काल आम्ही चौघांनी वीसच्या सिरिंजवर करून पाहिलं. पहिल्या खेपेला हवेचा बुडबुडा राहिला आणि आम्हीच फसलो, दुसऱ्यांदा उकळलं. दट्ट्या सोडला की आपोआप परत जातो, तो बाहेरच्या हवेनंच ढकललेला असतो हे मी एवढी वर्षं शिकून हातानं कधी अनुभवलं नव्हतं.

त्या मुलीचं उत्तरही जुळतंय. दिवाळीत महाद्वार रोडवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर पाऊलभर चालायच्या आत कुणाचा तरी धक्का लागतो. पहाटे पाचला तोच रस्ता सरळ पार होतो. आमच्या अॅल्युमिनिअमच्या कणांना काचेपर्यंत पोचायला असा रिकामा रस्ता लागतो, तेवढ्यासाठीच मशीन. वेफरच्या पाकिटाच्या आतली चकाकी अशीच चढवतात. पाकिटं घरून आणायला सांगणार आहे.

नायट्रोजन अंगणात. सर तयार झाले, गुलाबाचा हट्ट मात्र सोडला नाही.

आता एवढंच सांगा : एका वेळी दहा मुलं आत आणि पन्नास जण पाच गटांत सिरिंजवर असं धरलं, तर साठ अंशांचं पाणी दोन तास गरम ठेवायला शाळेच्या डब्याबरोबर येणारे चहाचे थर्मास पुरतील, की इलेक्ट्रिक किटलीच हवी? आमच्या व्हरांड्यात प्लग एकच आहे.