घर विकताना दारात काय काय केलं? अनुभव सांगा

मंडळी, टिळकवाडीतलं आमचं बैठं घर विकायला काढतोय. आई-बाबा आता पुण्याला धाकट्याकडे राहणार. गिऱ्हाईक गेटातून येऊन चपला काढेपर्यंत निम्मं मन ठरवतं, असं सगळे सांगतात आणि मला ते पटतं. म्हणून फाटक, पायऱ्या, उंबरा, सोपा (दारातली पुढची खोली) एवढ्याबद्दलच विचारतेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घर विकलेल्या-घेतलेल्यांनी मोकळेपणानं लिहा.

शहापूरहून
ताई, आमचं कापड विणायच्या मागाचं घर. लांबट, दोन्हीकडं भिंतीला भिंत, उजेड पुढच्या दारातून नि मागच्या परसातून येईल तेवढाच. माग बंद झाल्यापासून सोप्यात मोटारसायकल, सिलिंडर, आजेसासऱ्यांचं कपाट. ते सगळं आधी बाहेर काढलं. दारावरच्या झरोक्याला कधीकाळी कुणीतरी पुठ्ठा ठोकला होता. तो काढून काच पुसली तर उजेड थेट मधल्या खोलीपर्यंत गेला.

रंग दिला नाही. शहाबादी फरशीच्या सांध्यांतली काळी घाण खिळ्यानं उकरली आणि सिमेंटनं सांधे भरून घेतले. चौकट सागवानी, तिला जवसाचं तेल. पितळी कडी चिंच-मिठानं घासली. बघायला आलेल्या बाई कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी कडी हातात घेऊन बघितली, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, मग आत पाऊल टाकलं. सासूबाई "बर्री अक्का, बर्री" म्हणत पुढं झाल्या. त्यापुढं किमतीचं बोलणं जड गेलं नाही.

खानापूर तालुक्यातून
आमच्याकडं पाऊस काय असतो ते सांगायला नको. घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), आणि चिरा पाणी ओढतो. कौलांच्या पागोळ्या पायरीवर पडून तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर कमरेपर्यंत उडायचे. म्हणून आधी पन्हळ बसवली, मग भिंतीकडं वळलो.

लोणा (ओलीमुळं फुटणारा पांढरा क्षार) आलेल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारू, असं पेंटर म्हणत होता. कृपा करून मारू नका. ओल आत कोंडते, पुढच्या पावसात फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. घेणाऱ्याला आपण फसवलं असंच होतं ते. आम्ही लोणा कोरड्या ब्रशनं झाडला, सुटलेला गिलावा काढला, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली आणि चुना दिला. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते. पायऱ्यांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशनं काढलं. आमच्या भागातला माणूस दारात उभा राहिला की पहिल्यांदा भिंतीचा पाया बघतो, नव्या रंगाकडं नंतर.

अनगोळ, घरं दाखवायचं काम करतो
अडकणारं दार, मीटरखाली लोंबणाऱ्या वायरी, तुंबलेलं गटार. सौदा या तिघांपाशी अडतो, कुंड्या नसल्या म्हणून कधी अडला नाही. पावसाळ्यात दार फुगलं म्हणून लगेच रंधा मारू नका, उन्हाळ्यात फट पडते. बिजागरीत तेल घाला, स्क्रू आवळा, कोरड्या दिवसांची वाट बघा. पायऱ्या बघाच. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरच्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त 19 सेंटिमीटर उंच धरलीय, जुन्या घरांत ती फुटाला टेकते. वयस्कर माणसं बघायला येणार असतील तर कठडा बसवून घ्या.

सदलग्याहून
2019 च्या ऑगस्टात दूधगंगेचं पाणी घरात आलं होतं. चौकटीवर त्याची रेघ राहिली. विकायच्या वेळी पोरं म्हणाली, ऑइल पेंट मारून टाकू. मी ठाम नाही म्हणालो. दार धुतलं, रांगोळी काढली, तोरण लावलं, रेघ तशीच ठेवली. घेणारे आले नि त्यांनी पहिलं तेच विचारलं, "काका, पाणी कुठवर आलतं?" बोट ठेवून दाखवलं. त्यांनी तिथंच खिशातून टेप काढून उंची मोजली, कपाटं किती वर घ्यायची याचा हिशोब केला. सौदा झाला.

निपाणीहून
दारावरच्या पाटीचं कुणी लिहिलं नाही. आमच्या पाटीवर आजोबांचं नाव होतं. प्रत्येक गिऱ्हाईक ती वाचून विचारी, वारस किती, सह्या कोण करणार? बरोबरच आहे त्यांचं. ई-खात्याशिवाय (घर कुणाच्या नावावर आहे याच्या सरकारी ऑनलाइन उताऱ्याशिवाय) नोंदणी पुढं सरकत नाही आणि त्यावर कुणाचं नाव आहे हे त्यांना कळायलाच हवं. आम्ही पाटी काढली नाही, पुसून लखलखीत केली. आणि ई-खाता, ईसी (घरावर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला), वारसांची कागदपत्रं सोप्यातल्या टेबलावर फाइलमध्ये तयार ठेवली. लोक पाटी वाचत आत यायचे आणि फाइल उघडायचे.

कॅम्पातून
फ्लॅट असेल तर दाराबाहेरचं चपलांचं कपाट हलवा आणि पॅसेजमध्ये पिवळसर उजेडाचा बल्ब लावा. आमचं तेवढ्यात भागलं.

धागा काढणारी, पुन्हा
सगळ्यांचे मनापासून आभार. खानापूरच्या दादांमुळं पेंटरला थांबवलंय. आमच्याही पोर्चच्या कोपऱ्यात लोणा आहे, तो झाडून भिंत उघडी ठेवतेय. पन्हळीचं माप घ्यायला उद्या माणूस येतोय. पायऱ्या मात्र उंच आहेत, तेव्हा कठडा लोखंडी करावा की लाकडी, हे पावसाचा विचार करून कुणी सांगाल का?